बंधियांचे पाणी, मालकाचा हिशेब

*खासगी जमिनीवरील पाणथळी टिकवायच्या असतील तर जमीनमालकाला साथ कशी द्यावी? जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा परिसराची जुनी 'हवेली' शेती या प्रश्नावर बरेच काही शिकवून जाते.*

महाशिवरात्र, आषाढी एकादशी किंवा नवरात्र आले की महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत शिंगाड्याच्या पिठाचा डबा फळीवरून खाली येतो. हे पीठ पाण्यात वाढणाऱ्या फळाचे आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते फळ कोणत्या पाण्यात वाढले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. शिंगाड्याच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या बाजारपेठांपैकी एक मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यात, सिहोरा या तहसिलीच्या गावी आहे. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. जवळून हिरन नदी वाहते आणि पुढे नर्मदेला मिळते. आसपासच्या टेकड्यांत लोहखनिज आहे आणि सपाटीवर काळीभोर, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती आहे. पावसाळ्यात या मुलखावर सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. माती आणि पाऊस यांच्या या जोडीतूनच येथे पाणी साठविण्याच्या दोन परंपरा वाढल्या. एक तलावांची आणि दुसरी शेतांची.

तलावांची परंपरा देशभर पोहोचली ती अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ सालच्या हिंदी पुस्तकामुळे. १९४८ साली वर्ध्यात जन्मलेल्या मिश्रांनी या पुस्तकाचा आरंभच याच भागातील एका लोककथेने केला आहे. चार भावांना परीस सापडतो आणि मिळालेल्या सोन्यातून ते चार तलाव बांधतात, अशी ती कथा. बुढागर, मझगवां, कुआं आणि कुंडम या गावांचे तलाव त्या कथेशी जोडले जातात. शेतांच्या परंपरेला मात्र अशी कथा लाभली नाही. ती शेतकऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातच राहिली आणि व्यवहार बदलला तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात न येता मागे पडली.

हवेली म्हणजे काय?

मराठी वाचकाला 'हवेली' म्हटल्यावर मोठा वाडा आठवेल किंवा पुणे जिल्ह्यातील हवेली तालुका. जुन्या महसुली भाषेत ठाण्याच्या भोवतालच्या मुलखाला हवेली म्हणत. जबलपूर, पाटण, सिहोरा आणि पुढे नरसिंहपूरपर्यंतच्या काळ्या मातीच्या सपाट पट्ट्याला हेच नाव मिळाले आणि त्या पट्ट्यातील शेतीच्या रीतीलाही तेच चिकटले.

ही रीत दिसायला साधी आहे. शेताच्या चारही बाजूंनी मातीचा चांगला उंच बांध घालायचा. अशा बांधबंदिस्त शेताला येथे 'बंधिया' म्हणतात. आषाढातला पाऊस सुरू झाला की पाणी शेतातच अडवायचे. खरिपाचे पीक घ्यायचे नाही. श्रावण आणि भाद्रपद हे दोन्ही महिने शेत तळ्यासारखे भरलेले राहते. मग सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी बांधाचे तोंड उघडून पाणी सोडून द्यायचे. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात, तेथून त्याखालच्या शेतात आणि शेवटी ओढ्याला, असा क्रम असे. वाफसा आला की गहू, हरभरा किंवा दोन्ही मिसळून पेरायचे. पुढे वेगळे पाणी देण्याची गरज नसे. जमिनीने पिऊन ठेवलेल्या ओलाव्यावर पीक तयार होई.

या एका कृतीतून अनेक कामे होत. काळी चिकण माती पावसात नांगरता येत नाही आणि सुकली की दगडासारखी होते. दोन महिने पाण्याखाली राहिल्याने ती पेरणीपूर्वी मऊ पडे. मध्य प्रांतातील शेतकऱ्यांना हैराण करणारे कांस हे चिवट गवत साचलेल्या पाण्यात कुजून जाई. पाण्याबरोबर आलेला गाळ आणि कुजलेले गवत यांनी जमिनीचा कस टिके. माती वाहून जाण्याचा प्रश्नच उरत नसे. शिवाय साठलेल्या पाण्यातील काही भाग हळूहळू मुरून विहिरींना मिळे.

शेतकऱ्याच्या हिशेबात नसलेले आणखी एक काम त्या पाण्यात चाले. उथळ, संथ आणि ठरावीक काळानंतर आटणारे पाणी हे बेडकांच्या पिलांना, चतुरांच्या अळ्यांना, गोगलगाईंना आणि लहान माशांना सोयीचे असते. त्यांच्यामागे बगळे, ढोकरी, करकोचे येतात. अभ्यासकांच्या भाषेत ही हंगामी पाणथळ होय. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाणथळीची जी व्याख्या केली, तीत नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमचे आणि तात्पुरते, अशा सर्व प्रकारच्या पाण्याचा समावेश आहे. त्या व्याख्येने पाहिले तर सिहोऱ्याच्या बंधिया पावसाळ्यापुरत्या पाणथळीच होत. फरक इतकाच की त्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांनीच, स्वतःच्या गरजेपोटी, दरवर्षी नव्याने भरल्या होत्या.

पाणी का सुटले?

स्वातंत्र्योत्तर काळात हा हिशेब बदलू लागला. जबलपूर येथे १९६४ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने तेथे सोयाबीनवर काम झाले. मध्य भारतातील लक्षावधी एकर काळी जमीन खरिपात मोकळी राहते, तिच्यावर सोयाबीन घेता येईल, हा त्यामागील विचार होता. तो चुकीचा नव्हता. सोयाबीनने पुढे मध्य प्रदेशातील असंख्य कुटुंबांच्या हाती रोख पैसा दिला. परंतु या विचारात पाणी धरलेले शेत आणि नुसते पडीक शेत यांत भेद उरला नाही. खरिपात पीक नाही म्हणजे जमीन रिकामी, असे गृहीत धरले गेले. सोयाबीनला साचलेले पाणी चालत नाही. त्यामुळे जेथे बांध राखले जात, तेथे आता पाण्याचा निचरा होऊ लागला.

त्याच सुमारास कूपनलिका आल्या. गव्हाला हिवाळ्यात पाणी देता येऊ लागल्यावर पावसाळ्यातला ओलावा जपण्याची निकड संपली. अलीकडच्या दशकांत भाताची सरकारी खरेदी वाढली आणि सोयाबीनच्या जागी अनेक ठिकाणी भात आला. सिहोरा, पाटण, शहपुरा या पट्ट्यातील हिरवा वाटाणा देशाच्या बाजारात नावाजला गेला. तो लवकर पेरला तर भाव चांगला मिळतो, म्हणून शेत लवकर मोकळे हवे असते.

याला आणखी एक कारण आहे आणि ते फार महत्त्वाचे आहे. हवेलीची रीत एकट्याने पाळता येत नाही. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जायचे, तर सोडण्याच्या तारखा सर्वांनी मिळून ठरवाव्या लागतात. मधल्या एका शेतकऱ्याने सोयाबीन पेरले की वरच्याचे पाणी त्याच्या पिकात शिरते आणि भांडणाला सुरुवात होते. अशा वेळी पाणी धरणाराच अपराधी ठरतो. एकेकाने माघार घेतली की सगळी रांग कोसळते.

तलाव सरकारकडे, बंधिया मालकाकडे

खासगी जमिनीवरील पाण्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. जबलपूर आणि आजच्या महाराष्ट्रातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. दोन्हीकडे मालगुजारीची पद्धत होती. पूर्व विदर्भात गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी हजारो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्याच परंपरेतला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये हे तलाव सरकारजमा झाले. ज्यांनी तलाव बांधले, गाळ काढला आणि पाणी वाटले, त्यांचा संबंध तुटला. देखभाल कोणी करायची आणि पाणीपट्टी कोणी द्यायची, यावर वाद होत राहिले. तलाव गाळाने भरले आणि बेशरमीच्या झुडपांनी व्यापले.

बंधियांचे असे झाले नाही. त्या शेतजमिनीच होत्या आणि शेतकऱ्याच्या नावावरच राहिल्या. महाराष्ट्रात सातबारा, मध्य प्रदेशात खसरा. कागद कोणताही असो, मालक तोच. म्हणून त्यांचे भवितव्यही मालकाच्याच हाती राहिले.

कायद्याचा आधार येथे फारसा मिळत नाही. केंद्र सरकारने २०१७ साली पाणथळींच्या संवर्धनाचे नियम जाहीर केले. त्यांच्या व्याख्येतून भातशेती तसेच सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यपालन यांसाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. या वगळण्यामागे व्यावहारिक कारण आहे. शेतकऱ्याच्या प्रत्येक चिखलणीवर परवान्याची अट घालता येणार नाही. पण परिणाम असा की शेतातील पाणी राखायचे की सोडायचे, हे ठरविणारा एकच माणूस उरतो आणि तो म्हणजे जमिनीचा मालक. त्याला दंड करून पाणी राखता येणार नाही. त्याचा हिशेब जुळवून दिला, तरच ते राहील.

जमा कोणाकडे, नावे कोणाकडे?

हा हिशेब मांडून पाहिला तर अडचण कोठे आहे ते लगेच लक्षात येते. पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याच्या नावे पडतात त्या गोष्टी अशा : खरिपाचे एक पीक जाते, बांधाची दुरुस्ती दरवर्षी करावी लागते, शेजाऱ्याशी तंट्याची धास्ती असते. त्याच्या जमेस येतात ओलावा, गाळ आणि तणाचा बंदोबस्त. सिंचन, रासायनिक खत आणि तणनाशक हाताशी असताना या जमेचे मोल त्याच्या दृष्टीने कमी झाले आहे.

उरलेली जमा इतरांच्या खात्यात जाते. मुरलेले पाणी खालच्या गावच्या विहिरीत उतरते. अडविलेल्या पाण्यामुळे ओढ्याचा पूर मंदावतो. नदीत जाणारी माती कमी होते. पक्षी, मासे आणि बेडूक ही तर कोणाच्याच खात्यावर नोंदली न जाणारी जमा. खर्च एकाचा आणि लाभ अनेकांचा, असा व्यवहार फार काळ चालत नाही. पूर्वी तो चालला, कारण खर्च करणाऱ्यालाही त्यात पुरेसा लाभ होता. आज तो लाभ कोणत्या ना कोणत्या रूपाने परत मिळवून देणे, हेच मालकाला साह्य करण्याचे खरे स्वरूप आहे. हे साह्य कसे करता येते, याची काही उदाहरणे देशात आणि परदेशात पाहावयास मिळतात.

झाशीची दुरुस्ती, देवासचे ताल

पहिले उदाहरण बुंदेलखंडातील आहे. तेथेही चढावरच्या शेतांना मातीचे बांध घालून पावसाळ्यात पाणी अडविण्याची जुनी रीत होती आणि तिलाही हवेलीच म्हणत. मातीचे बांध पावसात फुटत, जादा पाणी काढून देण्यास पक्की वाट नसे आणि वेळेवर शेत रिकामे झाले नाही तर रब्बीची पेरणी हुके. म्हणून शेतकरी त्यांना कंटाळले होते. झाशी जिल्ह्यातील परासई-सिंध पाणलोट क्षेत्रात २०११ ते २०१६ या काळात कृषी वनीकरणाची केंद्रीय संशोधन संस्था आणि हैदराबादजवळील 'इक्रिसॅट' यांनी जलसंधारणाचे काम केले. जुन्या हवेलीच्या बांधाला पक्के बांधकाम आणि पाणी सोडण्याची व्यवस्थित सोय करून देण्यात आली. आसपासच्या विहिरींची पातळी काही मीटरांनी वर आली आणि हिवाळी पिकांना पाणी पुरू लागले. पुढे बुंदेलखंडातील इतर जिल्ह्यांतही अशा दुरुस्त्या हाती घेण्यात आल्या.

यातील धडा सोपा आहे. मालकाला पाणी नको असते असे नाही. पाणी आपल्या ताब्यात राहील, हवे तेव्हा सोडता येईल, याची खात्री त्याला हवी असते. एक पक्का सांडवा आणि एक झडप ही खात्री देऊ शकते. हा खर्च एकदाच करावयाचा असतो, पण तो एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो.

दुसरे उदाहरण माळव्यातील देवासचे. या शहराला १९९० मध्ये रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. कूपनलिका खोल खोल जात होत्या आणि कोरड्या पडत होत्या. २००६ साली तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांसमोर एक प्रस्ताव ठेवला : आपल्या जमिनीचा लहानसा हिस्सा, दहावा किंवा विसावा, पाण्यासाठी सोडा आणि त्यात पावसाचे पाणी साठवा. या तळ्यांना 'रेवासागर' आणि ती बांधणाऱ्यांना 'भगीरथ कृषक' असे नाव देण्यात आले. आरंभी शेतकऱ्यांनी मुख्यतः स्वतःचे पैसे घातले. एका हंगामात उरलेल्या जमिनीला मिळालेले पाणी पाहून शेजारीही पुढे आले आणि काही वर्षांत जिल्ह्यात हजारो तळी झाली. मध्य प्रदेश सरकारने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'बलराम ताल' योजनेने अशा कामांना अनुदान दिले. पाणी साठले तसे पक्षीही आले; ते आणण्यासाठी वेगळी योजना करावी लागली नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे उचित होईल. प्रत्येक शेततळे म्हणजे पाणथळ नव्हे. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी बांधली गेली आणि ती कूपनलिकेच्या पाण्याने भरली गेली. अशा तळ्यातून जमिनीत काहीच मुरत नाही. उलट भूजल वर काढून उन्हात ठेवले जाते. उभ्या भिंतींच्या अस्तरावर गवत उगवत नाही आणि पक्ष्याला उतरावयास काठ सापडत नाही. मातीचा तळ, उतरता काठ आणि पावसाचे पाणी, या तीन गोष्टी असतील तरच तळ्यात जीव धरतो.

गोंदियाचे सारस आणि मानाचे मोल

तिसरे उदाहरण महाराष्ट्राचे. सारस क्रौंच हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आधार गोंदिया जिल्हा. वैनगंगेपलीकडील मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातही तो आढळतो. हा पक्षी अनेकदा भाताच्या बांधीतच, उभ्या पाण्यात, काडीकचऱ्याचा मोठा ढीग रचून घरटे करतो. साहजिकच थोडे पीक दबते. शेतकऱ्याने घरटे मोडले किंवा अंडी काढून टाकली, तर त्या जोडीचा हंगाम वाया जातो.

गोंदियातील 'सेवा' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवला. कोणाच्या शेतात घरटे आहे याची माहिती घेणे, मालकाला पक्ष्याचे महत्त्व समजावून सांगणे, पिले उडून जाईपर्यंत पाहणी करणे आणि जपणूक करणाऱ्याचा जाहीर सत्कार करणे, अशी ही रीत आहे. सारस घर करतो ते शेत भाग्याचे, ही भावना त्यातून पुन्हा रुजू लागली. सारसांची संख्या अद्यापही अतिशय थोडी आहे आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही जे पक्षी टिकले, त्यांच्या टिकण्यात खासगी बांध्यांच्या मालकांचा मोठा वाटा आहे. याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मदतीने जुन्या तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. ज्ञान आणि मान यांना पैशाइतकेच मोल असते, हे या कामांतून दिसून येते. मात्र मानावर सगळा भार टाकणेही योग्य नाही. दबलेल्या पिकाची भरपाई वेळेवर मिळाली, तरच सत्काराची शाल खरी ऊब देते.

पाणी राखण्याचे भाडे

चौथा मार्ग रोख मोबदल्याचा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दलदली कोरड्या करण्यास कायद्यानेच उत्तेजन दिले गेले आणि दोनशे वर्षांत मुख्य भूमीवरील निम्म्याहून अधिक पाणथळी नाहीशा झाल्या. चूक उमगल्यावर १९९० च्या शेतीविषयक कायद्याने एक नवी योजना आणली. शेतकऱ्याने आपल्या सखल जमिनीवर पाणथळ पुन्हा उभी करण्यास आणि ती तशीच ठेवण्यास कायमची किंवा तीस वर्षांची कायदेशीर संमती द्यावयाची. सरकारने त्या हक्काची किंमत आणि पुनर्स्थापनेचा खर्च द्यावयाचा. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. जमीन विकता येते, वारसाला देता येते. बंधन मात्र जमिनीबरोबर जाते. या योजनेखाली वीस लाख एकरांहून अधिक जमीन आली. २०१४ च्या कायद्याने ती एका व्यापक योजनेत विलीन करण्यात आली.

सिहोऱ्याला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. तेथील मोठ्या खोऱ्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणथळी नष्ट झाल्या, परंतु स्थलांतर करणारे पक्षी येतच राहिले. २०१४ पासून एका निसर्गसंस्थेने भातशेतकऱ्यांकडून निविदा मागविल्या : कापणीनंतर काही आठवडे शेतात उथळ पाणी ठेवण्यास आपण किती रक्कम घ्याल? कमी दराच्या योग्य निविदा स्वीकारून तेवढ्या आठवड्यांपुरते जणू पाणथळीचे भाडे दिले गेले. जमीन विकत घेण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळच स्वस्त पडला.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की कॅलिफोर्नियात ज्यासाठी पैसे मोजावे लागले, ते काम हवेलीचा शेतकरी कोणत्याही भाड्याविना करीत आला होता.

सिहोऱ्यात काय करता येईल?

संपूर्ण हवेली पूर्वीसारखी भरावी, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य होणार नाही. वाटाण्याचा आणि भाताचा पैसा सोडा, असे कोणी शेतकऱ्याला सांगू नये. पण प्रत्येक शिवारात काही शेते सखल असतात. तेथे सोयाबीन पिवळे पडते, वाटाण्याची पेरणी लांबते आणि यंत्र रुतते. अशी जमीन कोरडी ठेवण्याच्या खटपटीत मालक दरवर्षी तोटा सोसतो. पाणथळ परत आणण्याची सुरुवात तेथून व्हावी.

या जागी शिंगाडा उपयोगी पडतो. उथळ पाण्यात येणारे हे पीक पावसाळ्याच्या आरंभी लावले जाते आणि पावसाळा सरताना फळे हाती येऊ लागतात. ताजी फळे बाजारात जातात, उरलेली वाळवून, सोलून, दळली जातात. ढीमर, केवट, बर्मन या समाजांकडे त्याचे पिढीजात कसब आहे. मालकाला स्वतः लागवड करावयाची नसेल तर तो ठरावीक रकमेवर पाणी त्यांना देऊ शकतो. म्हणजे शेतात धरलेल्या पाण्याला थेट उत्पन्न मिळते आणि दोन कुटुंबांना आधार होतो. बाजारपेठ घराजवळच आहे. मात्र संपूर्ण पृष्ठभाग वेलीने झाकला आणि भुंगेऱ्यांसाठी कीटकनाशक सढळ हाताने फवारले, तर त्या पाण्यात दुसरे काही जगणार नाही. काही भाग मोकळा ठेवणे आणि फवारणी बेताची करणे, एवढे पथ्य पाळावेच लागेल.

लागून असलेल्या शेतांच्या मालकांनी एकत्र येणे, ही दुसरी गरज. पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने सोडायचे, हे पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत लिहून ठेवले तर अर्धे तंटे टळतील. सांडवा आणि निचऱ्याची चारी ही सामाईक कामे आहेत. त्यांचा खर्च एकट्यावर पडू नये. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली देशभर अल्पभूधारकांच्या स्वतःच्या जमिनीवर बांधबंदिस्तीची आणि तळ्यांची कामे झाली, हा अनुभव येथे हाताशी आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून राबविलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने जलाशयातील गाळ शेतात नेण्याची वाट दाखविली. तलाव खोल होतो, शेत सुपीक होते आणि दोघांचाही लाभ होतो.

वित्तसंस्थांचा वाटाही लहान नाही. जमीन सुधारणा, बांधबंदिस्ती, तळे, मत्स्यपालन ही सर्व शेतीकर्जाच्या चौकटीत बसणारी कामे आहेत. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मत्स्यपालनासाठीही खुली झाली आहे. प्रस्ताव तपासताना अधिकाऱ्याने दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : तळे कशाने भरणार, पावसाने की कूपनलिकेने? आणि जादा पाणी कोठे जाणार? शेतकऱ्यानेही कर्ज घेण्यापूर्वी शिंगाडा, मासे आणि रब्बीचे पीक या तिन्हींचा एकत्र अंदाज कागदावर मांडावा. पहिल्या वर्षी सगळी जमीन पाण्याखाली घालू नये. एक सखल बंधिया घ्यावी, तिचा बांध आणि सांडवा नीट करावा, विहिरीची पातळी दर महिन्याला वहीत टिपावी आणि दोन पावसाळ्यांनंतर पुढचा निर्णय करावा.

ही नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या उपयोगाची तर आहेच, पण तिचे आणखी एक महत्त्व आहे. पाणी धरणाऱ्याला समाजाने मोबदला द्यावा, असे उद्या ठरलेच, तर धरलेले पाणी मोजावे लागेल. कोणाच्या शेतात किती पाणी, किती दिवस राहिले आणि खालच्या विहिरी किती वर आल्या, हे ज्या गावाच्या वह्यांत लिहिलेले असेल, त्या गावाचा दावा कोणाला नाकारता येणार नाही. तोवर कुदळ आणि वही या दोन्ही गोष्टी मालकाच्या घरी असाव्यात. बांधाची डागडुजी पावसाळ्याच्या आत उरकावी, कारण मृगाचा पाऊस कोणासाठी थांबत नाही.